दर बूटला तीच वॉर्निंग: ईएसपी३२ वर कॅलिब्रेशन डेटा का टिकत नाही

ईएसपी३२ ही वाय-फाय आणि ब्लूटूथ असलेली छोटी मायक्रोकंट्रोलर चिप. तिचा बोर्ड संगणकाला जोडून सीरियल मॉनिटर, म्हणजे चिपचे संदेश दाखवणारी खिडकी, उघडला की वाय-फाय सुरू होण्याच्या जरा आधी पिवळ्या अक्षरांत एक ओळ येते. 'फाय_इनिट: फेल्ड टू लोड आरएफ कॅलिब्रेशन डेटा', मग कंसात एक हेक्स (१६ च्या पायाचा) आकडा आणि पुढे 'फॉलिंग बॅक टू फुल कॅलिब्रेशन'. त्यानंतर वाय-फाय जोडलं जातं, आयपी पत्ता मिळतो, प्रोग्राम चालू लागतो. सगळं नीट चाललंय म्हणून आपण ती ओळ सोडून देतो. दुसऱ्या दिवशी बोर्ड पुन्हा चालू केला की तीच ओळ पुन्हा हजर.

ही ओळ एकदा आली तर तिच्याकडे बघायचंही कारण नाही. नवा बोर्ड, पुसलेली फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) किंवा ईएसपी-आयडीएफची (ईएसपी३२ साठी प्रोग्राम बनवायच्या अधिकृत साधनसंचाची) नवी आवृत्ती असेल, तर ती यायलाच हवी. प्रत्येक बूटला येत असेल तर मात्र ती ऐकायला हवी, कारण तिचा रोख बहुतेक वेळा रेडिओकडे नसतो. चिपने मोजून ठेवलेली माहिती कोणीतरी पुसतंय, किंवा ती लिहिलीच जात नाहीये, एवढंच ती सांगत असते. अशा वेळी अँटेना बदलणं आणि राउटर हलवून बघणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

चिप नेमकं काय साठवते

एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिप्सचे रेडिओसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. सिलिकॉनमध्ये बारीक फरक राहतोच. म्हणून रेडिओ सुरू करताना चिप स्वतःची मोजणी करते आणि आपल्या ॲनालॉग भागाला कुठे किती सुधारणा लागेल ते ठरवते. हेच आरएफ कॅलिब्रेशन. पूर्ण मोजणीला अर्धवट मोजणीपेक्षा साधारण १०० मिलिसेकंद जास्त लागतात. म्हणून पहिल्यांदा पूर्ण मोजणी करायची, निकाल फ्लॅशमध्ये ठेवायचा आणि पुढच्या बूटला तो वाचून अर्धवट मोजणीवर भागवायचं, अशी रचना आहे. डीप स्लीपमधून, म्हणजे वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेतून, उठताना तर मोजणी पूर्णच टाळली जाते.

हा निकाल एनव्हीएसमध्ये राहतो, म्हणजे फ्लॅशवरच्या छोट्या की-व्हॅल्यू (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या) साठ्यात. 'फाय' (रेडिओचा भौतिक थर) नावाच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे कप्प्यात, तीन नोंदी असतात: 'कॅल_व्हर्जन', 'कॅल_मॅक' आणि 'कॅल_डेटा'. मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक चिपचा वेगळा ओळख क्रमांक, सोबत ठेवण्याचं कारण उघड आहे, एका चिपची मोजणी दुसरीला चालत नाही. बूटला या तीनही गोष्टी तपासल्या जातात. एक जरी जुळली नाही तरी वॉर्निंग येते, पूर्ण मोजणी होते आणि नवा निकाल लिहायचा प्रयत्न होतो.

इथे एक गोंधळ बराच वेळ खातो, तो आधीच मिटवू. पार्टिशन टेबलमध्ये, म्हणजे फ्लॅशच्या विभागांच्या यादीत, 'फाय_इनिट' नावाचं ४ किलोबाइटचं पार्टिशन दिसतं. वॉर्निंगच्या सुरुवातीलाही तेच नाव असतं, त्यामुळे ते पार्टिशन बिघडलंय असं वाटतं आणि लोक ते पुन्हा पुन्हा फ्लॅश करत बसतात. त्या पार्टिशनमध्ये प्रक्षेपणाची कमाल पॉवर वगैरे सुरुवातीची ठरलेली मूल्यं असतात. तीसुद्धा मूळ सेटिंगमध्ये तिथून वाचली जात नाहीत, ॲप्लिकेशनमध्येच बांधलेली असतात. कॅलिब्रेशनचा निकाल तिथे कधीच नसतो. तो 'एनव्हीएस' नावाच्या पार्टिशनमध्ये असतो. तपास त्याच पार्टिशनचा करायचा.

कंसातला आकडा

पुढचं काही करण्याआधी हा आकडा वाचा. सुरुवातीचं शून्य-एक्स सोडून देऊ.

११०२ म्हणजे नोंद सापडली नाही. एनव्हीएस उघडलं, पण आत 'फाय' नेमस्पेस किंवा तिच्यातली नोंद नव्हती. पुन्हा पुन्हा येणाऱ्या वॉर्निंगमध्ये हाच आकडा सगळ्यात जास्त दिसतो आणि बाकी लेख मुख्यतः त्याच्याबद्दलच आहे.

११०१ म्हणजे एनव्हीएस सुरूच केलेलं नाही. रेडिओ चालू करण्याआधी 'एनव्हीएस_फ्लॅश_इनिट' बोलावलं नाही, किंवा बोलावलं पण ते अपयशी ठरलं आणि परत आलेली किंमत कोणी पाहिली नाही. फक्त ब्लूटूथ वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये हे बरेचदा घडतं. आपण वाय-फायची उदाहरणं वाचलेली असतात, ब्लूटूथलाही तोच रेडिओ आणि तेच कॅलिब्रेशन लागतं हे डोक्यात येत नाही. पार्टिशन टेबल स्वतः लिहिताना 'एनव्हीएस' या लेबलऐवजी दुसरं नाव दिलं असेल तरीही हेच होतं, कारण कॅलिब्रेशन त्या ठरलेल्या लेबलच्याच पार्टिशनमध्ये शोधलं जातं. उपाय सरळ आहे: प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला इनिट करा, त्याची किंमत तपासा आणि लेबल बरोबर ठेवा.

आकड्याच्या जागी आठ वेळा एफ दिसलं, तर डेटा होता पण आवृत्ती किंवा मॅक जुळला नाही. एका बोर्डची अख्खी फ्लॅश वाचून ती तशीच दुसऱ्या बोर्डवर लिहिली की हे हमखास होतं. एकदाच येऊन थांबलं तर काळजी नको. फर्मवेअरच्या दोन आवृत्त्यांमध्ये फाय लायब्ररी वेगवेगळी असेल आणि तुम्ही चाचणीसाठी पुढे-मागे जात असाल, तर प्रत्येक फेरीला ते दिसेल. तेही रास्तच आहे.

दोन वेळा वाचा, प्रश्न अर्धा होतो

११०२ दर बूटला येत असेल तर दोनच शक्यता उरतात. निकाल लिहिला जातो पण पुढच्या बूटला रेडिओ सुरू होण्याआधी कोणीतरी पुसतं, किंवा तो लिहिलाच जात नाही. या दोहोंत निवड करायला कोड वाचत बसण्याची गरज नाही, फ्लॅशलाच विचारता येतं.

बोर्ड चालू करा, वाय-फाय जोडलं जाऊ द्या, वर पाच-दहा सेकंद थांबा. मग ईएसपीटूल या फ्लॅश वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रामच्या 'रीड_फ्लॅश' आज्ञेने एनव्हीएस पार्टिशन फाईलमध्ये उतरवून घ्या. एका ॲप्लिकेशनच्या मूळ पार्टिशन टेबलमध्ये ते हेक्स ९००० पासून हेक्स ६००० लांबीचं, म्हणजे २४ किलोबाइटचं असतं. ओटीएवाल्या (वायरलेस अपडेट घेणाऱ्या) मूळ टेबलमध्ये त्याच पत्त्यावर हेक्स ४००० लांबीचं असतं. तुमचं टेबल वेगळं असेल तर त्यातले आकडे घ्या. ईएसपीटूल चिपला रीसेट करून डाउनलोड मोडमध्ये नेतं, त्यामुळे वाचताना तुमचा प्रोग्राम चालत नाही आणि मधल्या मध्ये काही पुसलं जाण्याची भीती नसते. वाचून झाल्यावर मात्र ते पुन्हा रीसेट देतं आणि प्रोग्राम सुरू होतो. तसं नको असेल तर 'नो_रीसेट' हा पर्याय द्या.

ती फाईल ईएसपी-आयडीएफसोबत येणाऱ्या एनव्हीएस टूलला द्या. प्रत्येक पान (एनव्हीएसचा ४०९६ बाइटचा तुकडा), प्रत्येक नोंद आणि तिची अवस्था ते मांडून दाखवतं. अवस्था बघणं महत्त्वाचं आहे. साध्या हेक्स एडिटरमध्ये 'कॅल_डेटा' हा शब्द शोधून समाधान मानू नका. एनव्हीएस एखादी नोंद पुसतं तेव्हा फक्त तिच्या अवस्थेचे बिट बदलतं, मजकूर पानावर तसाच पडून राहतो. पान पूर्ण मोकळं केलं जाईपर्यंत जुना, रद्द झालेला 'कॅल_डेटा' तुम्हाला दिसत राहील आणि डेटा आहे असा गैरसमज होईल.

आता निकाल बघा. 'कॅल_डेटा' जिवंत अवस्थेत आहे आणि तरी पुढच्या बूटला ११०२ येतो? मग पुसणारा हात तुमच्याच प्रोग्रामच्या सुरुवातीच्या भागात आहे. नोंद नाहीच? मग लिहिण्यात अडचण आहे. दोन्ही वाटा पुढे वेगळ्या होतात.

पुसणारा शोधताना

सगळ्यात आधी संपूर्ण प्रोजेक्टमध्ये 'एनव्हीएस_फ्लॅश_इरेज' शोधा. तुमच्या मुख्य फाईलमध्येच नाही, बाहेरून आणलेल्या प्रत्येक कंपोनंटमध्येसुद्धा. हे फंक्शन अख्खं पार्टिशन धुऊन काढतं: तुमच्या सेटिंग, वाय-फायचा पासवर्ड, ब्लूटूथच्या जोडण्या आणि कॅलिब्रेशन, सगळं एकदम. चाचणीच्या दिवसांत 'सुरुवात स्वच्छ असू दे' म्हणून कोणीतरी ते विनाअट टाकतं आणि पुढे ते तसंच राहून जातं. पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला असेल तर पुसलं गेल्याचं दुसरं काही चिन्ह दिसत नाही. ही वॉर्निंग तेवढी दिसते.

बहुतेक उदाहरणांमध्ये एक ठराविक तुकडा असतो. इनिट करायचं, 'पानं शिल्लक नाहीत' किंवा 'नवी आवृत्ती सापडली' अशी चूक आली तर पुसायचं आणि पुन्हा इनिट करायचं. तुकडा बरोबरच आहे, पण तो गुपचूप काम करतो. त्या अटीच्या आत एक लॉगची ओळ टाका, कोणती चूक आली तेही छापा. मी माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ही ओळ ठेवतो. ती दर बूटला छापली जात असेल तर एनव्हीएस पार्टिशनमध्येच खोट आहे. जागा वाचवण्यासाठी त्याची लांबी एका किंवा दोन पानांवर आणलेली असू शकते. कामाच्या एनव्हीएसला किमान तीन पानं, म्हणजे हेक्स ३००० तरी हवीत, कारण एक पान ते नेहमी मोकळं राखून ठेवतं. पार्टिशनची लांबी नंतर कमी केली असेल आणि जुना डेटा तसाच असेल तरीही हीच चूक येते, पण ती एकदाच.

कोडमध्ये काही सापडलं नाही तर फ्लॅश करण्याच्या पद्धतीकडे वळा. पूर्ण फ्लॅश पुसून मग अपलोड करण्याचा पर्याय आयडीईमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, चालू राहिलेला असतो. कधी कारण त्याहून आडवळणाचं निघतं. वितरण सोपं व्हावं म्हणून बूटलोडर (चिप सुरू करणारा छोटा प्रोग्राम), पार्टिशन टेबल आणि ॲप्लिकेशन एकत्र करून एकच बायनरी बनवतात आणि ती शून्य पत्त्यापासून लिहितात. एकत्र करताना मधल्या मोकळ्या जागा एफएफ या बाइटने भरल्या जातात आणि त्या मोकळ्या जागांमध्ये एनव्हीएसचा पत्ताही येतो. अशी फाईल लिहिली की एनव्हीएस कोरं होतं. मात्र हे फक्त फ्लॅश केल्यानंतरच्या पहिल्या बूटपुरतं असतं. नुसती वीज घालवून आणल्यावरही वॉर्निंग येत असेल तर कारण हे नाही. लोक प्रत्येक चाचणीआधी पुन्हा फ्लॅश करतात आणि मग 'दर बूटला येते' असं सांगतात, म्हणून हा फरक आधी करून घ्या: एकही बाइट न लिहिता बोर्ड तीन वेळा बंद-चालू करा आणि मोजा. सिम्युलेटर दर वेळी कोरी फ्लॅश घेऊन सुरू होत असेल तर तिथेही वॉर्निंग दरवेळी येणारच.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो, कारण तो या सगळ्यात बसतो आणि तरी चटकन सापडण्यासारखा नव्हता.

तापमान आणि आर्द्रता मोजणारा एक नोड होता, ईएसपी३२ वर. वॉर्निंग दर बूटला नाही, तर कधी यायची, कधी नाही. हाताने रीसेटचं बटण दाबलं की बहुतेक वेळा यायची. दूरवरून, प्लग काढून-घालून चालू केला की बहुतेक वेळा नाही. बोर्डजवळ हात गेला की रेडिओवर परिणाम होतो, म्हणून मोजणी बिघडते, असं मी मनाशी पक्कं केलं. अँटेनाची जागा बदलली, खालचा तांब्याचा भाग तपासला, दोन दिवस त्यातच गेले. शेवटी फ्लॅश वाचून बघितली. वाय-फाय जोडल्यानंतर 'कॅल_डेटा' व्यवस्थित होता. म्हणजे लिहिणं नीट चाललं होतं आणि पुसणारा कोडमध्ये होता.

कोडमध्ये पुसण्याची एकच जागा होती, फॅक्टरी रीसेट. बूटच्या वेळी एक बटण दाबलेलं असेल तर एनव्हीएस पुसायचं. बटण ३५ क्रमांकाच्या पिनवर होतं, दाबलं की पिन ग्राउंडला जोडली जायची आणि कोडमध्ये अंतर्गत पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन उच्च धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू केलेला होता. अडचण अशी की मूळ ईएसपी३२ वर ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना अंतर्गत पुल-अप किंवा पुल-डाउन मुळातच नाही. कोडमध्ये कितीही लिहिलं तरी पिन अधांतरी राहते. हात जवळ गेला की तिच्यावरचं व्होल्टेज हलतं, ती कधी उच्च वाचली जाते, कधी निम्न. निम्न वाचली गेली की प्रोग्रामला वाटायचं बटण दाबलंय, आणि तो इमाने इतबारे सगळं पुसायचा. हाताचा परिणाम खराच होता. तो अँटेनावर होत नव्हता, त्या पिनवर होत होता.

पिन आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर लावला आणि वॉर्निंग थांबली. तेवढ्यावर सोडलं नाही. बटण सलग पाच सेकंद दाबलेलं असेल तरच पुसायचं, अशी अट घातली. आणि पुसायचं तेव्हा पूर्ण पार्टिशन नाही, फक्त आपली नेमस्पेस उघडून 'एनव्हीएस_इरेज_ऑल' आणि त्यानंतर 'एनव्हीएस_कमिट'. ग्राहकाला त्याच्या सेटिंग मूळपदावर आणायच्या असतात. चिपच्या मोजणीशी त्याचा काही संबंध नाही, ती जिथे आहे तिथे राहू दे. वाय-फायचा जतन केलेला पासवर्डही काढायचा असेल तर त्यासाठी 'ईएसपी_वायफाय_रिस्टोअर' हे वेगळं फंक्शन आहे.

लिहिलंच जात नसेल तर

वॉर्निंगच्या खालच्या ओळी वाचा. निकाल साठवताना अडचण आली तर 'स्टोअर कॅलिब्रेशन डेटा फेल्ड' अशी लाल ओळ वेगळी येते आणि तिच्यासोबत आणखी एक आकडा. तिथे ११०५ असेल तर जागा नाही.

हिशोब करून बघू. एनव्हीएसचं एक पान ४०९६ बाइटचं, त्यात ३२ बाइटच्या १२६ नोंदी बसतात. कॅलिब्रेशनचा डेटा १९०४ बाइटचा आहे. त्याच्या ६० नोंदी, शिवाय वरची शीर्षकं, म्हणजे जवळजवळ अर्धं पान. बदलताना नवी प्रत आधी लिहिली जाते आणि जुनी नंतर रद्द होते, म्हणून तेवढी जागा जास्तीची मोकळी हवी. ओटीएच्या मूळ टेबलमध्ये एनव्हीएसला चार पानं मिळतात. त्यातलं एक राखीव, उरली तीन. त्यात दोन किलोबाइटची दोन-तीन प्रमाणपत्रं ठेवली, ब्लूटूथच्या जोडण्या ठेवल्या, काही सेटिंग जेसनच्या मोठ्या तुकड्यात ठेवल्या, की जागा संपत येते. 'एनव्हीएस_गेट_स्टॅट्स' बूटच्या वेळी एकदा बोलवा आणि मोकळ्या नोंदी किती आहेत ते, राखीव पानाच्या १२६ वजा करून, छापा. शंभराच्या आत आकडा गेला की मी पार्टिशन वाढवायच्या तयारीला लागतो. प्रमाणपत्रांसाठी वेगळ्या लेबलचं दुसरं एनव्हीएस पार्टिशन करणं सगळ्यात चांगलं. पण हा निर्णय उत्पादन बाहेर जाण्याआधी घ्या, कारण ओटीएने नेहमीच्या पद्धतीत पार्टिशन टेबल बदलत नाही.

लाल ओळ नाही, निकालही लिहिलेला नाही, आणि वॉर्निंगनंतर लगेच बूटचा मजकूर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो? मग वीज बघा. पूर्ण मोजणी आणि त्यामागोमाग येणारं प्रक्षेपण यात चिप एकदम जास्त प्रवाह ओढते. पूर्ण पॉवरने प्रक्षेपण करताना मूळ ईएसपी३२ साधारण २४० मिलिॲम्पिअर घेते, आणि पुरवठा किमान ५०० मिलिॲम्पिअर देऊ शकणारा असावा असं तिची डेटाशीट सांगते. केबल लांब आणि बारीक असेल, रेग्युलेटर छोटा असेल किंवा बॅटरी उतरत आलेली असेल तर त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' असं म्हणून चिप रीसेट होते. मोजणी अर्धी राहिली, निकाल लिहिला गेला नाही, पुढच्या बूटला पुन्हा ११०२, पुन्हा पूर्ण मोजणी, पुन्हा तोच झटका. हे चक्र सुरू झालं की आपलं आपण सुटत नाही.

मल्टिमीटरवर ३.३ व्होल्ट स्थिर दिसतात म्हणून पुरवठ्याला निर्दोष ठरवू नका. हे खड्डे इतके थोडा वेळ टिकतात की मल्टिमीटरला दिसतच नाहीत. ऑसिलोस्कोप असेल तर चिपच्या अगदी जवळ लावून बघा. नसेल तर आखूड, जाड केबल आणि दुसरा पुरवठा लावून बघा, चिपजवळच्या ३.३ व्होल्टच्या रेषेवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकून बघा. वॉर्निंग एकदा येऊन थांबली तर उत्तर मिळालं. ब्राउनआउट डिटेक्टर बंद करणं हा उपाय नाही. कमी व्होल्टेजवर फ्लॅशमध्ये लिहिलं जाऊ लागलं तर आता फक्त निकाल हरवतोय, मग बाकीचा डेटाही बिघडेल.

सेटिंग बंद करून टाकावी का

मेनूकॉन्फिगमध्ये (ईएसपी-आयडीएफच्या सेटिंगच्या यादीत) फायच्या विभागात कॅलिब्रेशन डेटा साठवण्याचा पर्याय असतो, मूळात चालू. तो बंद केला की वॉर्निंग लगेच नाहीशी होते, म्हणून हा सल्ला फार मिळतो. तो पर्याय बंद केल्यावर प्रत्येक बूटला पूर्ण मोजणीच होते. फक्त तसं सांगणारी ओळ येत नाही. पुसणारा कोड असेल तर तो पुसतच राहतो.

बंद करण्याची योग्य कारणंही आहेत. बोर्ड अँटेना न जोडता चालू होण्याची शक्यता असेल, तर त्या अवस्थेतली चुकीची मोजणी साठून पुढे वापरली जाऊ नये म्हणून पर्याय बंद ठेवणं योग्य. बाहेरची अँटेना स्क्रू करून लावायची असते अशा डब्यांमध्ये मी ते मुद्दाम करतो. बोर्डच्या रचनेमुळे मोजणी दर वेळी फार वेगवेगळी येत असेल तरीही तेच. कायम वीज असलेल्या, महिन्यातून एखाद्या वेळी बूट होणाऱ्या उपकरणाला १०० मिलिसेकंदांचं काही वाटत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या, डीप स्लीपमधून वारंवार उठणाऱ्या नोडचं मात्र तसं नाही. दर दहा मिनिटांनी उठणारा नोड दिवसाला १४४ वेळा उठतो. १०० मिलिसेकंदांच्या हिशोबाने १४ सेकंदांहून जास्त वेळ रेडिओ रोज नुसता मोजणीसाठी चालू. आणि विनाअट 'एनव्हीएस_फ्लॅश_इरेज' असेल तर दिवसाला १४४ वेळा पार्टिशनचं प्रत्येक पान पुसलं जातं. एनव्हीएस एरवी लिहिण्याचा भार सगळ्या पानांवर वाटून देतं, पण सगळंच पुसल्यावर वाटायला काही उरत नाही. या प्रकारच्या फ्लॅशचं एक सेक्टर साधारण एक लाख वेळा पुसता येतं असं धरतात. एक लाखाला १४४ ने भागलं की ६९४ दिवस येतात. दोन वर्षंही पुरी होत नाहीत. दहा वर्षं भिंतीवर टिकायला हवं असं वाटणारं उपकरण त्या एका ओळीमुळे एवढ्यात थकतं, आणि या सगळ्या काळात ते लॉगमध्ये तेवढंच सांगत राहतं.

झालं की नाही, ते कसं बघायचं

फर्मवेअर फ्लॅश करा आणि पहिला बूट सोडून द्या, त्याला वॉर्निंग येऊ दे. नंतर फ्लॅशला हात न लावता दहा वेळा वीज घालवून आणा. रीसेटच्या बटणाने नाही, वीज घालवूनच, कारण पुरवठ्याची अडचण बटणाने दिसेलच असं नाही. दहापैकी एकदाही वॉर्निंग येता कामा नये. मग फॅक्टरी रीसेट करून पुन्हा चालू करा. तेव्हाही ती येत असेल तर तुमचं रीसेट अजून आपल्या नेमस्पेसच्या बाहेर पुसतंय. उपकरण डीप स्लीप वापरत असेल तर झोपेतून उठल्यानंतरचे पाच-सहा लॉगही बघा.

वॉर्निंग मधूनच येते आणि आकडा पुरेसा बोलत नाही असं वाटलं, तर 'फाय_इनिट' या टॅगची लॉग पातळी डीबगवर न्या. त्यासाठी मेनूकॉन्फिगमध्ये लॉगची कमाल पातळीही डीबगपर्यंत वाढवावी लागते, नाहीतर त्या ओळी बायनरीत येतच नाहीत. मग नेमस्पेस उघडली नाही की आवृत्ती जुळली नाही, ते शब्दांत लिहून येतं. मदत मागायची वेळ आली तर बूटच्या पहिल्या ओळीपासून वाय-फाय जोडलं जाईपर्यंतचा पूर्ण लॉग, पार्टिशन टेबल आणि एनव्हीएस टूलने दाखवलेली पानं, एवढं सोबत द्या.